मसलबरा ओल्ड लिंक्स: रेसकोर्सच्या पोटातलं गोल्फ, तेही लाकडी काठ्यांनी

स्कॉटलंडला जाऊन गोल्फ खेळायचं म्हटलं की सगळे एकच नाव घेतात, सेंट अँड्र्यूज. नाव घेण्यासारखंच आहे ते, वाद नाही. पण तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायचं म्हणजे बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव टाकायचं, लागलं तर लागलं, लागलं की तीनशे पौंडांच्या वर मोजायचे, हँडिकॅपचा (आपण किती बरे खेळतो त्या आकड्याचा) पुरावा दाखवायचा, आणि रविवारी मैदान बंद, त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन त्यावर फिरतात. एका टूरवाल्याने (नाव घेत नाही) आम्हाला नक्की टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळवून देतो म्हणून पॅकेज दाखवलं, त्यात हॉटेलच्या रात्री सक्तीच्या, आकडा ऐकून माझा मेहुणा म्हणाला, दाजी, एवढ्यात तर मैदानाचा सातबारा आपल्या नावावर होईल. मग तो नाद सोडला आणि एडिनबरातून बस पकडून मसलबराला गेलो. हा रिव्ह्यू त्या मैदानाचा.

मसलबरा हे एडिनबराच्या पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवरचं गाव, फोर्थच्या खाडीच्या काठावर. पाटीवर नाव वाचून कोणी मसलबर्ग म्हणेल पण म्हणायचं मसलबरा. ओल्ड लिंक्स (लिंक्स म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचं मैदान) नऊ होलचं आहे, पार ३४, म्हणजे चांगल्या खेळाडूने नऊ भोकं ३४ फटक्यांत पुरी करावीत, अंतर तीन हजार यार्डांच्याही आत, आणि अख्खं मैदान घोड्यांच्या रेसकोर्सच्या आत आहे. म्हणजे खरोखरच आत, पांढऱ्या कठड्यांच्या मधे. इथे १८१६ पासून घोडे पळतायत, गोल्फ त्याच्या कितीतरी आधीचं. रेस असेल त्या दिवशी खेळायला मिळत नाही, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी रेसचं कॅलेंडर बघा, ही सगळ्यात महत्त्वाची टीप आहे, बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल.

किती जुनं? सर जॉन फाउलिस म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्या हिशेबाच्या वहीत २ मार्च १६७२ ला मसलबराला गोल्फमध्ये पैसे हरल्याची नोंद आहे. मला ही नोंद फार आवडते. एवढ्या जुन्या मैदानाचा लेखी पुरावा काय तर कोणीतरी इथे पैसे हरून घरी गेला आणि प्रामाणिकपणे वहीत लिहून ठेवलं. स्कॉटलंडची मेरी राणी १५६७ साली इथे खेळली असंही सांगतात, पण ती सांगण्यातली गोष्ट झाली, वही मात्र खरी. गिनेसच्या नोंदीत जगातलं सगळ्यात जुनं चालू मैदान म्हणून या जागेचं नाव आलं ते त्या वहीच्या जोरावर. फक्त हे सेंट अँड्र्यूजच्या माणसासमोर बोलू नका, त्यांच्याकडे १५५२ चा आर्चबिशपचा कागद आहे ज्यात गावकऱ्यांना लिंक्सवर गोल्फ खेळायचा हक्क लिहून दिलाय, आणि तो वाद एकदा सुरू झाला की तुमचा टी टाइम जातो.

आता मैदान कसं आहे ते सांगतो. फोटोतलं स्कॉटलंड डोक्यात घेऊन जाल तर तोंड वाकडं होईल. उंच उंच वाळूच्या टेकड्या नाहीत, खाली फुटणाऱ्या लाटा नाहीत. समुद्र आहे जवळच पण मधे भराव आहे, कॉकेन्झीच्या कोळशाच्या वीज केंद्राची राख टाकून खाडीत जमीन वाढवली, आता तिथे तळी आहेत आणि पक्षी बघणारे लोक दुर्बिणी घेऊन येतात. दक्षिणेला रस्ता आणि घरं, पश्चिमेला लांबवर आर्थर्स सीटचा डोंगर दिसतो. जमीन बरीचशी सपाट. मेहुण्याने उतरल्या उतरल्या चारी बाजूला बघून विचारलं, हेच का? मी म्हटलं हेच, इथे सहा वेळा ओपन झालीय.

खरंच झालीय. १८७४, १८७७, १८८०, १८८३, १८८६ आणि १८८९. तेव्हा ब्रिटिश ओपन ही गोल्फची सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज आणि मसलबरा अशा तीन ठिकाणी आळीपाळीने व्हायची. स्पर्धा ३६ होलची, म्हणजे या नऊ होलच्या मैदानाला चार फेऱ्या, सगळं एकाच दिवसात. आणि गावाने चॅम्पियन किती दिले बघा: विली पार्क, त्यांचा भाऊ मंगो पार्क, विलीचा मुलगा विली पार्क ज्युनियर, लागोपाठ तीन वर्षं जिंकणारा बॉब फर्ग्युसन, आणि डेव्हिड ब्राउन, जो धंद्याने छपरांवर दगडी कौलं बसवणारा कारागीर होता. एवढ्याशा मच्छीमार गावातून पाच ओपन चॅम्पियन, आणि आपण बसमधून उतरून हेच का विचारतोय.

खेळायचा मुख्य मुद्दा आता. इथे हिकरीच्या काठ्या भाड्याने मिळतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्या घेतल्या नाहीत तर इथे यायचं निम्मं कारण गेलं. हिकरी म्हणजे लाकडी दांड्याचे क्लब, स्टील येण्याआधी सगळे ह्यानेच खेळायचे. पिशवी एवढीशी, आत मोजक्या काठ्या, त्यांवर नंबर नाहीत, नावं आहेत: ब्रॅसी, मिड आयर्न, मॅशी, निब्लिक. ब्रॅसीच्या लाकडी डोक्याला खालून पितळेची पट्टी मारलेली असते, ती का तर बॉल रस्त्यावर गेला तरी तिथून मारता यावा, आणि ही पट्टी मारायची सुरुवात मसलबरालाच झाली असं गावात सांगतात. कारण इथे मैदानाला लागूनच रस्ता होता आणि बॉल रस्त्यावर पडला तर जिथे पडला तिथून मारायचा, उचलायची भानगड नाही.

पहिला शॉट मारताना हाताला जे कळतं ते वाचून कळणार नाही पण प्रयत्न करतो. चामड्याची ग्रिप पातळ असते, दांडा हातात जिवंत वाटतो, आणि तुम्ही नेहमीच्या जोशात वळलात की क्लबचं डोकं मागेच राहतं, ते यायच्या आधी तुमचे हात पोचलेले असतात, मग बॉल उजवीकडे कुठेतरी रेलिंगच्या दिशेने. दांडा नुसता वाकत नाही तर पिळतोही. त्यामुळे वर नेलेली काठी एक क्षण थांबू द्यायची, मग आरामात खाली सोडायची, तिला तिचा वेळ द्यायचा. तसं केलं आणि बरोबर मधोमध लागला तर जो आवाज येतो ना, टणक आणि बुटका, टायटॅनियमच्या ड्रायव्हरचा टिनपाटी आवाज त्यानंतर ऐकवत नाही. थोडा जरी टोकाला लागला तर मात्र मनगटापर्यंत मुंग्या येतात, लाकूड काही माफ करत नाही.

मेहुण्याने हिकरीला हात लावायला साफ नकार दिला. तो स्वतःचे आधुनिक क्लब खांद्यावर टाकून आलेला, त्यात त्याचा लाडका साठ डिग्रीचा वेज, म्हणजे बॉल उंच उडवायची काठी. त्यामुळे एकाच मैदानावर शंभर वर्षांच्या अंतराने दोन माणसं खेळतायत असा प्रकार झाला आणि मला वाटतं आमच्या त्या राउंडमधलं सगळ्यात शिकण्यासारखं हेच होतं.

झालं काय, की चौथं होल लांब पार फोर आहे, नाव मिसेस फॉर्मन्स. वारा खाडीवरून आडवा. दोघंही दुसऱ्या शॉटनंतर ग्रीनच्या (भोक आणि झेंडा असलेल्या जागेच्या) अलीकडे, थोड्याफार फरकाने सारख्याच अंतरावर. मेहुण्याने वेज काढला, सुंदर स्विंग, बॉल उंच गेला, आणि वर गेल्यावर वाऱ्याने त्याला असा काही बाजूला सारला की जसा काही तो कोणाचाच नव्हता. खाली पडला तोही ग्रीनच्या कडेला, टप्पा घेऊन मागे पसार. जमीन कडक हो. लिंक्सची जमीन म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची पट्टी, पाणी लगेच झिरपून जातं, गवत बारीक आणि आखूड, त्यामुळे वरून आलेला बॉल तिथे रुतून थांबेल ही आशाच ठेवायची नाही. मी मॅशीने बॉल नुसता ढकलल्यासारखा मारला, गुडघ्याच्या वर गेला नाही, तीस-चाळीस यार्ड तर पळतच होता, एका उंचवट्यावरून डावीकडे वळला, मला वाटलं गेला बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पण उतारावरून परत उजवीकडे येऊन ग्रीनवर चढला. मेहुणा म्हणाला हे नशीब आहे. थोडं होतंच. पण पुढच्या होलला त्याने वेज पिशवीतच ठेवला आणि सात नंबरच्या आयर्नने तसाच सरपटी मारला, त्यामुळे कोण बरोबर होतं ते तुम्ही ठरवा.

टीव्हीवर सपाट दिसणारी जमीन पायाखाली कधीच सपाट नसते हे इथे कळतं. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, बारीक बारीक चढउतार आहेत, उभं राहिलात तर एक पाय दोन इंच खाली. बॉल कुठे टप्पा घेईल हे बघायला आधी जमिनीकडे बघावं लागतं, झेंड्याकडे नंतर. गवत हिरवंगार नाही, काही ठिकाणी पिवळट, काही ठिकाणी नुसतं कडक. कार्पेटसारखी मैदानं आवडणाऱ्यांना ही जागा म्युनिसिपालटीची वाटेल, आणि ती आहेच, कौन्सिलचं सार्वजनिक मैदान आहे, सभासदाची ओळख वगैरे काही लागत नाही, कोणीही पैसे भरून खेळावं. फी सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सच्या एक दशांशाच्या आसपास. आमच्या पुढे एक आजोबा एकटेच खेळत होते, पिशवीत चार क्लब, आणि मधे मधे थांबून येणाऱ्या जाणाऱ्यांशी गप्पा. त्यांना घाई नव्हती आणि आम्हालाही नव्हती.

होलची नावं वाचत वाचत खेळा, मजा येते. दुसरं द ग्रेव्ह्ज, १५४७ च्या पिंकीच्या लढाईतले सैनिक इथे पुरलेत असं म्हणतात (लढाई जवळच झाली हे खरं, पुरलेत की नाही ते देव जाणे). सातवं द बेदिंग कोच, पूर्वी समुद्रात आंघोळीला येणाऱ्यांच्या कपडे बदलायच्या घोडागाड्या तिथे उभ्या असायच्या. आठवं द गॅस, कारण बाजूला गॅसचा कारखाना होता. कुठे राजाराणीचं नाव नाही, जे शेजारी होतं त्याचं नाव दिलं. आणि पँडी नावाचा एक बंकर आहे, पँडेमोनियमचं लाडाचं रूप, म्हणजे गोंधळच गोंधळ. जुन्या काळी तो फारच मोठा होता म्हणतात. आता आहे तेवढाही पुरे.

मिसेस फॉर्मन्स हे होल मात्र नुसतं खेळून पुढे जाऊ नका. फॉर्मनबाईंची खानावळ-कम-पब मैदानाला चिकटून होती, खेळता खेळता लोक तिथे खिडकीतून पेय घ्यायचे. इमारत अजून उभी आहे. आणि तिथे १८७० साली जे झालं ते गोल्फमधलं माझं सगळ्यात आवडतं भांडण आहे. ओल्ड टॉम मॉरिस सेंट अँड्र्यूजचा, विली पार्क इथला, दोघांची जुनी चुरस, पैशांवर मॅच, वेगवेगळ्या मैदानांवर खेळून शेवट मसलबराला. गावची गर्दी आपल्या माणसाच्या बाजूने, टॉमचा बॉल आला की कोणीतरी पाय मारतंय अशा तक्रारी, अंतरावर उभं राहायला कोणी तयार नाही. शेवटी सहा होल राहिले असताना टॉमने खेळायला नकार दिला आणि अंपायर रॉबर्ट चेंबर्सबरोबर सरळ फॉर्मनबाईंकडे जाऊन बसला. अंपायरने मॅच तहकूब केली. विली पार्क काय ऐकतोय, त्याने एकट्याने उरलेले सहाही होल खेळून काढले आणि मी जिंकलो, पैसे द्या म्हणाला. ग्रीनवर उभं राहून त्या इमारतीकडे बघितलं की सगळं डोळ्यासमोर येतं, आत पेला घेऊन बसलेला टॉम आणि बाहेर एकटाच पट (ग्रीनवर बॉल भोकात घालायचा हलका फटका) मारणारा पार्क. आज असं झालं असतं तर दोन वर्षं केस चालली असती.

दुसरी गोष्ट १८८९ च्या ओपनची, इथली शेवटची. अँड्र्यू कर्कल्डी म्हणून सेंट अँड्र्यूजचा तगडा खेळाडू. एका होलला त्याचा बॉल भोकाच्या काठावर, इंचभर राहिलेला. साहेबांनी एका हाताने आळसात काठी फिरवली, आणि बॉलला लागलीच नाही. विचारल्यावर त्याने कबूल केलं की हो, मारायचा प्रयत्न होता, म्हणजे एक स्ट्रोक वाढला. शेवटी तो आणि विली पार्क ज्युनियर १५५ वर बरोबरीत आले, आणि प्लेऑफमध्ये पार्क १५८, कर्कल्डी १६३. एक इंच! मी हे मेहुण्याला सांगितलं ते तो फूटभरचा पट न मारता बॉल उचलत होता तेव्हा. खाली ठेवला आणि मारला बिचाऱ्याने.

पटवरून आठवलं, जगभर गोल्फचं भोक सव्वाचार इंचाचं असतं ना, तेही इथलं. भोक पाडायचं यंत्र मसलबराला १८२९ मध्ये आलं, त्याने पडणारं भोक सव्वाचार इंचाचं होतं, आणि १८९१ मध्ये तेच माप नियम झालं. सहज ठरून गेलेली गोष्ट, आणि जगभरातले गोल्फर काठावरून बॉल फिरून गेला की आजपर्यंत त्या मापाला शिव्या देतायत.

बायकांच्या बाबतीतही हे गाव पुढे होतं. गोल्फ क्लबने १८१० च्या डिसेंबरात ठराव केला की नवीन वर्षाला मासळी विकणाऱ्या बायकांची गोल्फ स्पर्धा घ्यायची, आणि बक्षीस काय तर मासळीची नवी टोपली आणि रेशमी रुमाल. मासळीवाल्या बायका आधीपासून खेळत होत्याच, क्लबने फक्त बक्षीस लावलं. त्याच देशातल्या कितीतरी भारी क्लबांनी बायकांना सभासद करून घ्यायला पुढची दोनशे वर्षं लावली, ते जाऊ दे.

मग एवढं सगळं असून हे मैदान मागे का पडलं? ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबरा गोल्फर्स, ज्यांनी १७४४ मध्ये लीथला गोल्फचे पहिले लेखी तेरा नियम केले, ते १८३६ पासून इथे खेळायचे. गर्दी फार वाढली, नऊच होल, त्यात सगळे क्लब, मग त्यांनी म्युअरफील्डला स्वतःचं मैदान केलं आणि १८९२ ची ओपन उचलून तिकडे नेली. मसलबरावाले एवढे चिडले की त्यांनी त्याच वर्षी स्वतःची वेगळी स्पर्धा भरवली. कर्कल्डीने तर म्युअरफील्डला जुनं पाणथळ कुरण म्हणून हिणवलं. पण ओपन परत आली नाही ती नाहीच. एका अर्थी बरंच झालं असं मला वाटतं, ओपन राहिली असती तर स्टँड बसवायला, पार्किंगला, लांबी वाढवायला म्हणून हे मैदान ओळखू येणार नाही इतकं बदललं असतं आणि आम्हाला बसने येऊन खेळता आलं नसतं.

ज्यांना खटकेल ते पण सांगतो. रस्त्याच्या बाजूच्या होलला गाड्यांचा आवाज सतत. रेसचा ट्रॅक मधे मधे आडवा येतो, कार्डावर लोकल रूल असतात ते आधी वाचून घ्या नाहीतर बॉल ट्रॅकवर गेला की अर्धा तास चर्चा. लांब मारणाऱ्यांना आधुनिक क्लबने मैदान तोकडं वाटेल, म्हणून तर म्हणतो हिकरी घ्या, हिकरीने तेच होल मोठं होतं. झाड म्हणून आडोसा नाही, वारा चारही बाजूंनी, जुलैतसुद्धा विंडचीटर पाहिजेच. आणि एकदा नऊ होल झाले की पोट भरत नाही, आम्ही लगेच परत पहिल्या टीवर, म्हणजे जिथून सुरुवात करतात तिथे, गेलो, दुसऱ्या फेरीत मेहुण्याने न बोलता माझ्या हातातली मॅशी मागून घेतली.

जायचं कसं: एडिनबराच्या मधून २६ नंबरची बस मसलबराला येते, कंडक्टर नसतो, ड्रायव्हरला रेसकोर्स म्हणून सांगा. ट्रेनही आहे पण मसलबरा स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला, पिशवी खांद्यावर घेऊन चालायची हौस असेल तरच. नंतर भूक लागली तर गावात हाय स्ट्रीटवर लुकाज नावाचं आइस्क्रीमचं दुकान १९०८ पासून आहे, व्हॅनिला घ्या, उगाच भलते फ्लेवर नको. अजून खेळायचं असेल तर जवळच प्रेस्टनग्रेंजला रॉयल मसलबराचं १८ होलचं मैदान आहे, जेम्स ब्रेड या जुन्या गोल्फरने आखलेलं, पण ते झाडांमधलं आहे, लिंक्स नाही. हिकरीचा सेट पाहिजे असेल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, आणि डावखुरे असाल तर डाव्या हाताचा सेट आहे का ते आधी फोनवर विचाराच, जुन्या काळातले डाव्या हाताचे हिकरी क्लब मुळातच कमी.